साल न झालेली भिंत

घराला बाहेरून काय लावावं हे विचारायला आर्णीतली माणसं माझ्याकडे येत. माझं दुकान आधी चुन्या-रंगाचं होतं, पुढे टाइल्सचं झालं. गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारायचो, भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे? पश्चिमेला असेल तर गडद फरशी लावू नका, असं सांगायचो. आमच्याकडे मे महिन्यात पश्चिमेच्या भिंतीवर हात ठेववत नाही. गडद फरशी दिवसभर तापते, रात्री निवते, आणि या ओढाताणीत तिच्यामागचं सिमेंट सुटत जातं. घर काळ्या मातीवर असेल तर आणखी जपायला सांगायचो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, तिच्यावरचं घर जागच्या जागी थोडं वरखाली होत राहतं. रंगवलेल्या भिंतीला तडा गेला तर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाकता येतो. फरशी तडकली की तडकली, आणि त्या फटीतून पाणी आत शिरलं की ते बाहेर निघत नाही.

लोकांना मी हे सगळं नीट सांगत आलो. स्वतःच्या घराला मात्र, पश्चिमेच्या भिंतीला, काळ्या मातीवर, गडद तपकिरी फरशी लावली. आणि ती ज्या वर्षी लावायला नको होती त्या वर्षी लावली. पहिल्या दोन चुका माझ्या माझ्यापाशी. तिसरीचा दोष आजवर माझ्या वहिनीच्या नावावर राहिला आहे, म्हणून हे लिहायला बसलो. वहिनी आता नाही.

आमचं घर म्हणजे रस्त्याकडे तोंड करून असलेली एक लांब भिंत आणि तिच्यात दोन दारं. एका दारात माझा थोरला भाऊ, दुसऱ्या दारात मी. दादा शेती बघायचा, मी दुकान. चुली वेगळ्या, भिंत एक. त्या सबंध भिंतीला दिवाळीच्या आधी पोचारा मारायचं काम वहिनीचं. आधी पांढऱ्या मातीचा मारायची, नंतर माझ्या दुकानातून चुना नेऊ लागली. त्यात थोडी नीळ कालवायची, पदर खोचून जुन्या चिंध्यांच्या बोळ्याने वरून खाली सरळ हात ओढायची. माझ्या दारापाशी आली की माझ्या बायकोला हाक मारायची, "बाहेर निघा माय, नाई तं तुमालेही पांढरं करतो!" दोघी हसायच्या. दुकानात बसून मी गावाला रंग विकायचो आणि माझ्या घराला रंग ती लावायची.

पोचाऱ्याची आमच्याकडे एक रीत होती. अजूनही जुनी माणसं पाळतात. ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घराला सालभर पोचारा नाही. साल म्हणजे वर्ष, वर्षश्राद्धापर्यंतचं. दिवाळी आली, सगळी आळी पांढरी झाली, तरी ते घर तसंच मळकं राहतं. ते बघून लोकांना कळतं. त्या घरात सणाला कढई चढत नाही, म्हणून शेजारपाजारच्या बायका फराळाचं ताट घेऊन येतात, घटकाभर बसतात, रडायचं असेल तर रडू देतात. कोणाला काही विचारावं लागत नाही, भिंतच बोलावून आणते.

दादा गणपती बसायच्या थोडं आधी गेला. ताप आला, यवतमाळला नेलं, आणि परत आणला तो तसाच आणला. लेकीचं लग्न झालेलं होतं, ती दिग्रसला दिलेली. वहिनीच्या दारात ती एकटी राहिली.

त्याच वर्षी मी बाहेरच्या फरशीचं काम नवीन सुरू केलं होतं. आर्णीत तोवर लोक फरशी खाली घालायचे, फार तर न्हाणीघरात लावायचे. घराला बाहेरून फरशी, हे लोकांना पटत नव्हतं. "भिंतीले फरशी कायले? भिंतीवर चालाचं हाये का?" असं म्हणून हसायचे. त्यांना दाखवायला एक घर हवं होतं, आणि रस्त्यावरचं, येता-जाता दिसणारं घर आमचंच होतं. माल उन्हाळ्यातच येऊन पडला होता. घराला काही लावायचं ते आमच्याकडे दिवाळीच्या आधी लावतात. ती दिवाळी गेली असती तर पुढच्या दिवाळीपर्यंत माल तसाच पडला असता. माझ्या मनात तेव्हा एवढंच होतं. दादाचं दुःख नव्हतं असं नाही. पण दुकानात गेल्यावर ते मागे पडायचं.

नमुन्याच्या दोन फरशा घेऊन मी वहिनीकडे गेलो. ती दारात तूर निवडत बसली होती. मी फरशा तिच्यासमोर ठेवल्या. तिने एकीवरून बोट फिरवलं.

"गुळगुळीत हाये," म्हणाली.

"पाणी मारलं की साफ. तुमचा दरसालचा पोचाऱ्याचा तरास गेला समजा."

"मले कायचा तरास जी?" मग सूप बाजूला ठेवून म्हणाली, "लावा, पण साल तं होऊ द्या, भाऊजी."

"वहिनी, हा पोचारा थोडीच हाये? हे तं फरशी हाये. फरशीले कायचं सुतक?"

"फरशीले नसन," ती म्हणाली. "भिंतीले हाये ना."

मी हसलो. ती हसली नाही. सूप पुन्हा पुढ्यात ओढून तूर निवडू लागली. मी फरशा उचलल्या आणि घरी आलो. बायकोने विचारलं, काय म्हणाल्या? मी सांगितलं, गुळगुळीत आहे म्हणाल्या. हे खरंच होतं.

चार दिवसांनी पांढरकवड्याहून वहिनीचा भाऊ तिला न्यायला आला. नवरा गेल्यावर बाईला माहेरी नेऊन आणतात, मन थोडं मोकळं व्हावं म्हणून. ती ऑटोत बसली तेव्हा मी तिची पिशवी आत ठेवली. ऑटो वळणावरून गेला आणि मी मिस्त्रीला फोन केला.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आला. परांची बांधायला लागला आणि मध्येच थांबला. "काकाजी, मोठ्या काकाजीचं साल नाई झालं न आजून?"

मी म्हणालो, "वहिनीनंच सांगतलं, लावून टाका म्हणे."

हे वाक्य मी ठरवून बोललो नव्हतो. काम थांबू नये म्हणून तोंडातून निघालं. मिस्त्रीने मान हलवली आणि जुन्या भिंतीला टोचे मारायला घेतले, म्हणजे फरशी धरून राहावी म्हणून छिन्नीने भिंत खडबडीत करायला लागला. वहिनीच्या इतक्या वर्षांच्या चुन्याचे पापुद्रे रस्त्यावर पडले. संध्याकाळी बायकोने ते झाडून नेले. झाडता झाडता म्हणाली, "त्यायनं तं गुळगुळीत हाये एवढंच म्हटलं होतं न?"

पण लोक विचारत राहिले. दुकानात येणारा प्रत्येक जण आधी फरशीचं कौतुक करायचा, मग आवाज खाली आणून म्हणायचा, "पण साल?" आणि प्रत्येक वेळी माझं वाक्य थोडं वाढत गेलं. वहिनीचीच इच्छा. वहिनी म्हणाल्या, दादाच्या डोळ्यादेखत घर चांगलं झालं नाही, आता तरी होऊ द्या. वहिनीला चमक आवडते. हे शेवटचं मी का जोडलं, मला आजही सांगता येत नाही. ऐकणारा हसायचा आणि त्याच्या हसण्याबरोबर माझ्यावरचा दोष उतरायचा, एवढं कळतं.

वहिनी परत आली तेव्हा मी दारातच उभा होतो. ऑटो घरासमोर थांबला. ती आत बसूनच ऑटोवाल्याला म्हणाली, "थोडं समोर घे बाबू, हे आमचं घर नोहे."

ऑटोवाला हसायला लागला. "तुमचंच हाये काकू! काकाजीनं राजवाडा करून टाकला."

ती उतरली. दुपारची वेळ, भिंतीवर ऊन पडलेलं. तिने फरशीला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "कसं वाटते वहिनी?" ती कुलूप काढून आत गेली.

आळीतल्या बायका काय बोलत होत्या ते माझ्या बायकोकडून मला कळत होतं. नवरा गेला अन् घर नवरीवानी सजोलं. दोन महिने दम निघाला नाई बाईले. एकीने तर नळावर तोंडावरच विचारलं म्हणे, "काहून वं, आता दारावर तोरणही लावतं का?" वहिनीने बादली भरली आणि घरी आली.

दिवाळीला वहिनीने दार सकाळपासून उघडं ठेवलं. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली, पानाचं तबक ठेवलं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला. साल न झालेल्या घरी बायका बसायला येतात त्याची सगळी तयारी. मी दुकानात जाताना ते बघितलं, दुपारी जेवायला आलो तेव्हाही बघितलं. सतरंजीला सुरकुती पडलेली नव्हती. आमच्याही घरात कढई चढली नव्हती, आमच्याकडेही कोणी आलं नव्हतं. चमकणाऱ्या घरी दुखवट्याचं ताट कोण आणणार?

मला राहवलं नाही. बाजारातल्या हॉटेलातून लाडू-चिवड्याचा पुडा आणला आणि तिच्या दारात गेलो. ती तशीच बसली होती.

"असू द्या भाऊजी," ती म्हणाली. "दुखवट्याच्या घरी इकतचं नाई चालत."

मी पुडा हातात घेऊन उभा राहिलो. तेव्हा तिने ते विचारलं. "भाऊजी, मी असं कधी म्हटलं जी?"

आवाजात राग नव्हता. आपणच काही बोलून विसरलो की काय, असा तो आवाज होता. मी तिथे उभा राहून आळीला ऐकू जाईल असं एक वाक्य बोललो असतो तर पुरलं असतं. समोरच्या घरात बायका बसल्याच होत्या. मी म्हणालो, "लोकायचं काय मनावर घेता वहिनी? चार दिवस बोलतीन, मंग इसरतीन." आणि दुकानात निघून गेलो. त्या हंगामात फरशीची पहिली दोन घरं मला मिळाली.

भाऊबीजेच्या दिवशी तिची लेक आली. तिने दिग्रसलाच ऐकलं होतं. आमच्या दोन घरांमधली भिंत एका विटेची. मला सगळं ऐकू आलं.

"बाबाचं साल तरी होऊ द्याचं होतं आई! एवढी काय घाई झालती तुले?"

मी श्वास धरून बसलो होतो. आता ती सांगणार, आता लेक माझ्या दारात येणार. मग वहिनीचा आवाज आला.

"हाव बाई. चुकलं माझं."

ती असं का म्हणाली हे समजायला मला फार दिवस लागले नाहीत. दादा गेल्यावर पोरीला माहेर म्हणजे मीच होतो. बाळंतपण, राखी, लेकरांची बारशी, सगळं माझ्या दारातून होणार होतं. खरं सांगितलं असतं तर पोर माझ्याशी भांडली असती आणि तिचं माहेर तुटलं असतं. म्हणून वहिनीने माझं खोटं स्वतःच्या तोंडाने खरं केलं. हे कळल्यावरही मी गप्पच राहिलो. तिने ते एवढं नीट झाकलं होतं की मला बरंच वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण बरंच वाटलं.

पुढची वर्षं त्या भिंतीची देखभाल करण्यात गेली. दर दिवाळीच्या आधी मी माणूस लावून फरशी धुवून घ्यायचो, जोडांतली झीज भरून घ्यायचो. बोटाच्या पेराने एकेक फरशी वाजवून बघायचो. मागे सिमेंट धरून असलं तर आवाज भरीव येतो, सुटलेलं असलं तर पोकळ. माझ्या बाजूच्या फरशा भरीव वाजायच्या. वहिनीच्या बाजूला काळ्या मातीने काम केलं होतं. तिच्या खिडकीपासून जोत्यापर्यंत केसाएवढी फट गेली, आणि तिच्या भोवतालच्या फरशा मडक्यासारख्या वाजू लागल्या. मी फट वरून भरली. आत गेलेलं पाणी आतच राहिलं. बाहेर फरशी, त्यामुळे भिंतीला वाळायला वाटच नाही. मग ओल आतल्या अंगाला फुटली. तिच्या खोलीच्या भिंतीला लोणा लागला, पांढरं मिठासारखं यायचं आणि गिलाव्याचा भुगा होऊन पडायचा. ती सकाळी उठली की आधी पलंगाभोवतीचा भुगा झाडायची.

एकदा मी तिला म्हणालो, "बाहेरून पाहा वहिनी, एक फरशी हलली नाई अजून."

"मी आतमंदी राह्यतो ना भाऊजी," ती म्हणाली.

उपाय मला माहीत होता. तिच्या बाजूची फरशी उतरवायची, एक उन्हाळा भिंत उघडी ठेवून वाळू द्यायची, मग साधा गिलावा आणि चुना. गिऱ्हाइकाचं घर असतं तर मी हेच सांगितलं असतं. पण अर्धी उघडी पडलेली भिंत बघून गिऱ्हाईक काय म्हणालं असतं? लोकांना मी अजून तीच भिंत दाखवत होतो. पुढच्या साली करू, असं मी दर साली म्हणायचो. माझी बायको आजारात गेली, तिच्याबरोबर खरं माहीत असलेलं एक माणूस गेलं. तिच्या सालात मी भिंत धुतली नाही. पण फरशी ती फरशी, एका पावसात पुन्हा चमकायला लागली. माझ्या घरीही बसायला फार कोणी आलं नाही.

वहिनीला दम लागायला लागला तेव्हा लेक तिला दिग्रसला घेऊन गेली. ती तिकडेच वारली. आर्णीची आळी तिकडे गेली नाही. मी गेलो, खांदा दिला, परत आलो. तिथेही बोलता आलं असतं. सगळे जमले होते.

या उन्हाळ्यात लेकीचा फोन आला. "काका, घर बांधून राह्यलो आमी. या न एकडाव पाहाले. बाहेरून काय लावाचं थे तुमच्याशिवाय कोण सांगन?" मी दुकान कधीच बंद केलं आहे. गुडघे दुखतात. तरी गेलो, कारण आता सांगायचं असं मी ठरवलं होतं.

जावईबापूंनी मला घराभोवती फिरवलं. दगडी पट्टी चांगली की फरशी, लाकडासारखे दिसणारे पत्रे टिकतील का, असं विचारत होते. मी म्हणालो, काही लावू नका. साधा गिलावा करा, भिंतीला श्वास राहू द्या, दर दोन-तीन वर्षांनी रंग मारा. त्यांचा चेहरा पडला. म्हणाले, "काका, आजकाल असं साधं कोण ठेवते?"

चहा घेताना आम्ही दोघेच होतो, पोर आणि मी. मी तिला अजून पोर म्हणतो, पण तिलाही आता नातू व्हायचा आहे. मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. मिस्त्रीला काय बोललो ते सांगितलं, दुकानात काय बोललो ते सांगितलं, तुझ्या आईने नको म्हटलं होतं हे सांगितलं. चमक आवडते हे मीच रचलं होतं, हेही सांगितलं.

ती ऐकत होती. डोळे भरले होते तिचे. मला वाटलं, आता ती उठेल, मला चार शब्द बोलेल, घरातून जायला सांगेल. इतकी वर्षं मी ज्याला भ्यालो होतो तेच मला त्या क्षणी हवं होतं.

तिने माझ्या हातावर हात ठेवला. "काका, तुमी लय चांगले जी. मेल्यावरही आईले झाकून राह्यले."

"झाकत नाही बाई. खरं सांगतो."

"मले आईनंच सांगतलं होतं न. तिच्याच तोंडानं. चुकलं म्हणे माझं." ती थोडी हसली. "तुमचं वय झालं काका, आता सगळ्याचाच दोष आपला वाटते मानसाले. बाबाही असेच होते."

"तुझी आई तुझ्यासाठी खोटं बोलली."

"माझ्यासाठी कायले बोलन?"

मी समजावलं. तुझं माहेर तुटू नये म्हणून, म्हणालो. मी बोलत गेलो तसतशी तिची माझ्यावरची माया वाढत गेली. मी खरं जितकं नीट मांडत होतो, तितका तिला मी थोर वाटत होतो. गावात खोटं चालावं म्हणून मला कधी दोन वाक्यांपेक्षा जास्त लागली नव्हती. खऱ्यासाठी सगळी दुपार पुरली नाही.

शेवटी तिने पदराने माझे डोळे पुसले, लहान लेकराचे पुसावेत तसे. "जाऊ द्या न आता," म्हणाली. "मी तं कधीचंच माफ केलं आईले."

मग तिने जावयांना आत हाक मारली. म्हणाली, समोरच्या भिंतीले फरशीच लावू, आईच्या आठवणीनं. तिले चमक आवडे. जावईबापूंनी माझ्यासमोर मोबाइलवर रंग धरले आणि विचारलं, "काका, यातला कोणता?"

भिंतीचं तोंड पश्चिमेला होतं. मी फिकट रंगावर बोट ठेवलं.